मास्तरांची फळी आणि दोन बल्ब

आमच्या शेजारच्या मास्तरांकडे गेलात तर चहाच्या आधी पुढ्यात दोन बल्ब येतात. लाकडी फळीवर बसवलेले, एक शंभराचा, एक चाळिसाचा. शेलूबाजारच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं; नोकरी संपली, खोड नाही संपली.

"सांगा काकू, करंटले जास्त कोन अडवते?"

"मोठा."

"चूक! लहान. म्हनून तं त्याले कमी भेटते."

मी चौथी पास. मला थापच वाटली. मग त्यांनी वायर बदलून बल्ब एकामागं एक जोडले. लहान बरा पेटला आणि मोठा नुसता लालसर, तापातून उठल्यासारखा. मी देवळातही इतकी टक लावून पाहत नाही.

मुलगा वारल्यापासून घरात मास्तर आणि सून वैशाली, तिसरं कोणी नाही. तिचं पुन्हा लग्न करायचं मास्तरांनीच मनावर घेतलं. मालेगावहून पाहुणे आले. घरात मोठी बाई हवी म्हणून मी बसले होते. नवऱ्या मुलाची आई तोंडावर बोलणारी. मला आवडली.

"पोरगी चांगली हाय. पन तिचा जीव पहिल्यातच राह्यला, तं माह्या पोराले काय उरन?"

वैशालीनं मान खाली घातली. मास्तर उठले ते फळीच घेऊन आले.

"मास्तर, आज नोका ना!" मी म्हटलं. ऐकतात कुठले! या वेळी दोन्ही बल्ब शंभराचे. एक पेटवला.

"पाहा बाई. आता दुसरा लावतो. पहिला मंद झाला काय?"

"नाही."

"दुसऱ्याले कमी भेटलं?"

"तेही नाही." बाई पुढे सरकल्या, डोळे बारीक करून पाहत राहिल्या. "असं कसं हो?"

"शेजारी शेजारी जोडले का ज्याचं त्याले पुरं भेटते."

बाईंनी वैशालीकडे पाहिलं. "तारीख काढा," म्हणाल्या.

सगळे बोलायला लागले आणि मास्तर दिसेनात. बाहेर ओट्यावर मीटरपुढे उभे होते. मीटरचा लाल ठिपका भराभर लुकलुकत होता.

"काकू, मी खोटं नाही सांगतलं. त्यायच्यात कोनाले कमी नाही पडत. पन जास्तीचं लागते, ते इथून, या घरच्या मीटरातून जाते."

"नाक पुसा मास्तर. पाहुने आत हायत."

त्यांनी पुसलं, पण हलले नाहीत. मग मीही तिथंच उभी राहिले.