पन्हाळीचं प्रात्यक्षिक

"घेऊन टाक," धनराज म्हणाला.

"एकच बघून?" स्नेहलने इतक्या धक्क्याने विचारलं, की मशीन विकायला आलेला अमितही दचकला.

धनराजने मान खाली घातली. चूक त्याचीच होती. जिने लग्नाची पैठणी घ्यायला येवल्यातली निम्मी दुकानं पालथी घातली आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत गेली, त्या बाईला असं सांगायला नको होतं.

नवराबायकोचा साफसफाईचा धंदा होता. सोफे, गालिचे, पाण्याच्या टाक्या. कामं नाशिकभर होती, पण सगळी किरकोळ. आता मात्र दिंडोरी रोडवरच्या 'शुभघडी लॉन्स'च्या चंदरनानांनी मोठं काम देऊ केलं होतं. मंगल कार्यालयाच्या पत्र्याच्या कडेची पन्हाळ वर्षभर साफ ठेवायची. गेल्या पावसाळ्यात ती पाचोळ्याने तुंबली आणि ऐन मंगलाष्टकांत वरमाईच्या डोक्यावर रिकामी झाली. वरमाय रुसली, जेवली नाही, आणि तिच्या धाकाने वऱ्हाडही जेवलं नाही. तेव्हापासून पन्हाळ हा शब्द जरी ऐकला तरी नानांचं रक्त खवळायचं. त्यांची अट एकच होती.

"पत्र्यावर माणूस चढवायचा नाय. मागं एक जण पत्र्यातनं खाली आला तो डायरेक स्टेजवर, नवरीच्या शेजारी. मशीन आणा, खालनं ओढा. मग काम तुमचं."

हे काम मिळालं तर त्या रस्त्यावरची बाकीची लॉन्सही हाती लागणार होती. नाही मिळालं, तर उरलेला जन्म लोकांच्या सोफ्यांतून शेंगांची टरफलं काढण्यात जाणार होता. स्नेहलला त्या टरफलांचा मनापासून कंटाळा आला होता. म्हणूनच मशीन निवडताना तिला चुकायचं नव्हतं. तिने नानांची परवानगी काढून दोन मशीनं एकाच दिवशी, नानांच्याच पन्हाळीवर चालवून बघायचं ठरवलं. नाना स्वतः त्या दिवशी नांदगावला एका लग्नाला गेले होते.

पहिलं मशीन अमितचं. मे महिन्याच्या उन्हात टाय लावून आलेला हा तरुण बोलताना श्वास घ्यायचा नाही. त्याने काळ्या नळ्या एकात एक अडकवून पार पन्हाळीपर्यंत नेल्या. नळीच्या टोकाला कॅमेरा होता आणि वरचं चित्र खाली मोबाइलवर दिसत होतं. मशीन सुरू झालं. पाचोळा, शिरीषाच्या शेंगा, कबुतरांचा संसार, सगळं भराभरा खालच्या पिंपात येऊन पडलं.

"मॅडम, रिझल्ट बघा! पत्रा चमकतोय!" असं म्हणत उत्साहाच्या भरात त्याने पलीकडची बाजूही ओढून टाकली.

तेवढ्यात दुसरा विक्रेता पोहोचला. हा रोहित. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये बनलेलं जाडजूड मशीन तो छोट्या टेम्पोतून घेऊन आला होता. दिसायला ओबडधोबड, किंमत मात्र अमितच्या मशीनच्या निम्मी. रोहितने अमितच्या मोबाइलवर पन्हाळ पाहिली आणि तो हिरमुसला.

"ताई, ही तर साफ आहे. मी ओढू काय? हवा?"

हा मुद्दा स्नेहलच्या लक्षात आला नव्हता. क्षणभर तिला घाम फुटला. निम्म्या किमतीचं मशीन न बघताच परत पाठवायचं? तिचा जीव होईना.

"थोडा पाचोळा टाकू वर," धनराजने सुचवलं.

"हा अन्याय आहे सर!" अमित उसळला. "मी वर्षाचा गाळ ओढला. हे भाऊ काय सुका पाचोळा ओढून नंबर मारणार?"

"बरोबर आहे त्याचं," स्नेहल म्हणाली. "परीक्षा एक, तर पेपर एकच पाहिजे. अहो, त्याच्या पिंपातला गाळ काढा, आणि तोच परत वर टाका."

धनराजने बायकोकडे पाहिलं. "पण पत्र्यावर चढायचं नाही ना?"

"शिडीवर चढा. शिडी म्हणजे पत्रा नव्हे."

कार्यालयाची राखण करणारी नवसाबाई हिरवळीवर पाणी मारत होती. धनराज घमेलं डोक्यावर घेऊन शिडी चढायला लागला तशी तिच्या हातातली नळी आपोआप खाली आली. आधी काढलेला गाळ हा माणूस परत पन्हाळीत ओतत होता. शेजारच्या 'मंगलक्षण लॉन्स'च्या कंपाउंडवरून त्यांचा मालक सहादूशेठही डोकं वर काढून बघत होता.

गाळ पसरून झाला, तरी अमितचं समाधान होईना. "असा सैल नव्हता सर. थर बसलेला होता. पक्का!"

स्नेहलने स्टोअरमधून गवंड्याची थापी शोधून आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली. धनराज थोपटायला लागला. मग रोहितची तक्रार आली, की पिंपातून काढताना सांडल्याने गाळ कमी झालाय, भरीला काहीतरी टाका. कार्यालयामागे परवाच्या लग्नातले झेंडूचे हार आणि पत्रावळ्या पडल्या होत्या, त्या वर गेल्या. अमित म्हणाला, आता फार कोरडं झालं. मग नवसाबाईच्याच नळीने वर पाणी मारलं. स्नेहल त्या न्यायदानात इतकी रंगून गेली होती, की ही पन्हाळ कोणाची आहे हेच ती विसरली.

नवसाबाई मात्र विसरली नव्हती. तिने गेटजवळ जाऊन नानांना फोन लावला.

"नाना, ते साफ करणारे आलेत. त्यांनी समदं साफ केलं."

"मग चांगलंय की."

"आन् आता परत भरू ऱ्हायलेत."

"काय भरू ऱ्हायलेत?"

"घाण. थापीनं. वरून झेंडू बी घातला."

"नवसाबाई, सावलीत बस," नाना म्हणाले. "ऊन लय हाय."

तरी नानांना चैन पडेना. ते तसेही परतीच्या वाटेवर होते आणि सोबत एक वधूपिता होता, कार्यालय बघायला निघालेला. गाडी थेट आत आली. नाना पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उतरले, पाहुण्यांना म्हणाले, "या, स्वच्छतेबाबत आपल्याकडं तडजोड नाय," आणि मग त्यांनी वर पाहिलं.

शिडीवर धनराज थापी मारत होता. खाली स्नेहल कमरेला पदर खोचून ओरडत होती, "कोपऱ्यात अजून दाबा! पाणी अजिबात वाहता कामा नये!"

नाना तरातरा शिडीखाली येऊन उभे राहिले.

"अरे... अरे, हे काय चाललंय?"

स्नेहल वळली आणि पांढरीफटक पडली. "नाना! तुम्ही... अहो, हे फक्त टेस्टिंग आहे!"

"कशाचं टेस्टिंग? वरमाईचं?"

"नाही हो, मशीनचं! एका मिनिटात सगळं ओढून दाखवते. रोहित, लाव लवकर! लाव!"

रोहितची त्रेधा उडाली. समोर मालक, शेजारी पाहुणे, त्यात बाईंची घाई. त्या मशीनला दोन तोंडं होती, एक ओढणारं आणि एक फुंकणारं. घाबरलेल्या रोहितने नळी फुंकणाऱ्या तोंडाला बसवली, दुसरं टोक पन्हाळीत घातलं आणि बटण दाबलं.

मशीन दणकट होतं, यात वाद नाही. वर्षाचा गाळ, शेंगा, पत्रावळ्या, भिजलेला झेंडू, सगळं एका झटक्यात आभाळात गेलं आणि खाली आलं. पाहुणे गाडीकडे धावले. नाना धावले नाहीत. ते जागच्या जागी उभे राहिले, आणि डोक्यावरून झेंडूचा अख्खा हार घसरत त्यांच्या गळ्यात येऊन बसला.

"पन्हाळ मात्र साफ झाली ताई," रोहित चाचरत म्हणाला.

"बाहेर," नाना म्हणाले. आवाज अगदी हळू होता, म्हणून जास्तच भीती वाटली. "सगळे बाहेर."

त्या रात्री स्नेहल जेवली नाही. इतकी वर्षं मेहनत करून उभा केलेला धंदा तिने स्वतःच्या हट्टापायी मातीत घातला होता, आणि हे तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. धनराजने एकदाही "मी म्हणालो होतो" असं म्हटलं नाही. त्यामुळे तिला आणखीच रडू आलं.

सकाळी फोन वाजला. "मी सहादू बोलतोय. मंगलक्षण लॉन्स."

स्नेहलचा जीव भांड्यात पडला. "बोला ना शेठ! तुमच्याकडची पन्हाळ साफ करायची का?"

"आमची नाय ओ. चंदरनानाची." शेठने आवाज खाली आणला. "काल कंपाउंडवरून बघितलं. काय पक्कं भरता तुम्ही! तसंच परत भरायचं. जूनमधी त्याच्याकडं दोन बडी लग्नं हायेत. पाऊस आला का वऱ्हाड आपसूक आमच्याकडं पळतं. त्याला काय कळायचं नाय."

स्नेहल ताडकन उठली. "शेठ, आम्ही सफाई करतो!"

"मग काल काय करत होता?"

तिने फोन ठेवला आणि धनराजला घेऊन तडक शुभघडी गाठलं. काम गेलं तर गेलं, पण नानांसारख्या भल्या माणसाला सावध करायला हवं, असं तिला कळवळून वाटत होतं.

नाना ऑफिसमध्ये बसले होते. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलंच नाही. मग स्नेहलने फोनवरचं सगळं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं, तसे ते खुर्चीत सरळ झाले.

"सहादू असं म्हणाला? माझ्याशेजारी बसून चहा पितो तो!"

"म्हणाला नाना. आम्ही नाही म्हटलं. तुम्हाला कळावं म्हणून आलो. काम द्या म्हणून नाही."

नानांचे डोळे पाणावले. "पोरी, तुला मी हाकलून दिलं, आन् तू परत आली. असं माणूस मिळत नाय. पन्हाळीचं काम तुझंच. आजपासून. मशीन तुला पटेल ते घे."

स्नेहलला हसावं की रडावं कळेना. तिने वाकून नमस्कार केला. धनराजने सुटकेचा श्वास सोडला. नानांनी नवसाबाईला चहा सांगितला, ती आत गेल्याची खात्री केली, उठून दार लोटून घेतलं आणि खुर्ची दोघांच्या जवळ ओढली.

"आता एक विचारू?" ते कुजबुजले. "आमची साफ करालच. पण त्या सहादूची... तेवढीच पक्की भरून द्याल का?"

स्नेहल थिजली. हा देवमाणूस! तिने संतापून तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत शेजारून आवाज आला. कधी कुठल्या व्यवहारात तोंड न घालणारा तिचा नवरा खिशातून मोजायचा टेप काढत होता.

"नाना," धनराजने विचारलं, "त्यांची पन्हाळ एका बाजूला आहे का दोन्ही?"