शकूआत्यांचा थांबा

शकूआत्या दुचाकीवर बसत नाहीत. पुण्याजवळच्या आमच्या दिघीत हे जवळजवळ अशक्य आहे. आमच्या इमारतीत माणसांपेक्षा दुचाक्या जास्त आहेत, असं वॉचमनकाका शपथेवर सांगतात. पण आत्यांचं म्हणणं पक्कं आहे. "जे सोडलं की पडतंय, त्याच्यावर मी बसायची न्हाई."

त्यांच्या भावानं, बालाजीनं, एकदा समजावून सांगितलं की अक्का, गाडी चालू असली की पडत नाही.

"म्हंजे थांबली की पडती. अन् मानूस कधीतरी थांबनारच की!"

आत्या लातूरकडच्या गावाहून पहिल्यांदा आल्या, तेव्हा बालाजी त्यांना घ्यायला बाइक घेऊन गेला होता. बाइकवर बॅग आली. आत्या मागून बसनं आल्या. बॅग अर्धा तास आधी पोचली आणि दारात बसून राहिली, कारण स्टँडवर बालाजीनं सांभाळायला दिलेली घराची किल्ली आत्यांच्या कमरेला होती.

बालाजी आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्याची बायको वैशाली एका पॅकिंगच्या युनिटमध्ये. दोघांना कंपनीच्या बस पहाटेच घेऊन जातात. मागे उरतात पहिलीतली स्वरा, दोन वर्षांची ओवी आणि या दोघींसाठी गाव सोडून आलेल्या शकूआत्या. बालाजीची आत्या नव्हे, मोठी बहीण. पण पोरींची आत्या म्हणून साऱ्या इमारतीची आत्या. स्वराची शाळा चार थांबे पुढे. शाळेची व्हॅन दाराशी येते, पण आत्यांनी एकदा तिच्यात डोकावून पाहिलं आणि दार लावून घेतलं. "मेथीच्या जुड्या भरल्यावानी लेकरं भरलेत. आमची न्हाई यायची."

म्हणून बस. सकाळी सात पाचची. मी भोसरीत एका छोट्या कंपनीच्या स्टोअरमध्ये काम करते, माझीही तीच बस. त्यामुळे ही मिरवणूक मी रोज पाहत आले आहे. पुढे स्वरा, पाठीवर दप्तर. मागे आत्या, काष्टा नव्हे पण काष्ट्याच्या तयारीनं खोचलेलं लुगडं, एका हाताला पिशवी आणि डाव्या कडेवर ओवी. ओवीला चालता येतं, पण ती कुठल्या दिशेनं चालेल हे सांगता येत नाही, म्हणून कडेवर.

ओवी बसमध्ये रोज एक बूट काढून टाकायची. फक्त डावा. आम्ही सगळे रोज सीटखाली वाकून तो शोधायचो. एकदा सापडला नाही, आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरनं केबिनमधून आणून दिला. त्यानंतर आत्यांनी परकराच्या नाडीनं बूट ओवीच्या पायाला बांधून टाकला. तेव्हापासून ओवी बूट काढते आणि तो नाडीला लोंबकळत राहतो. शेजारच्या माणसाच्या गुडघ्यावर आपटत राहतो. त्याबद्दल आत्या माफी मागत नाहीत. "लेकराचा बूट हाय, धोंडा न्हाई."

तिकिटाचंही तसंच. ओवीला तिकीट लागत नाही, पण तिला हातात कागद हवा असतो. न मिळाला तर ती पुढचे चार थांबे एका सुरात रडते. आत्यांनी कंडक्टरला सांगून ठेवलंय, मशीनमधून कोरा कागद थोडा पुढे सारून फाडून द्यायचा. तो देतो. ओवी तो खाते. जागा मिळवण्याची आत्यांची पद्धतही साधी. कानात इअरफोन घालून, डोळे मिटून बसलेल्या तरुणासमोर उभं राहायचं आणि ओवीला त्याच्या मांडीवर ठेवून द्यायचं. "धर जरा, भावा." दुसऱ्या थांब्यापर्यंत तो आपणहून उठतो.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि रस्ता उकरला.

लष्कराच्या भिंतीकडेचा आमचा तो रस्ता. एका रविवारी यंत्रं आली, चर खणला आणि त्यात आमच्या पाण्याच्या टाकीच्या थांब्याचा खांब उपटला गेला. सोमवारी सात पाचची बस आली, आम्ही हात केला, ती पलीकडच्या बाजूनं धूळ उडवत निघून गेली. मंगळवारी तेच. खांबच नाही तर थांबायचं कुठे, असं ड्रायव्हरांचं म्हणणं. आम्ही नोकरदार माणसं. दोन दिवस कुरकुरलो आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या थांब्यापर्यंत चालायला लागलो. मी तर त्याहून सोपं केलं. ऑफिसमधल्या एकीच्या स्कूटरवर मागे बसून जायला लागले.

मी आत्यांना म्हटलं, "आत्या, तुम्हीही थोडं लवकर निघून पुढच्या थांब्यावर चालत जा ना."

"कुठून चालू? फुटपाथ दाखव मला. एक लेकरू कडंवर, एक हाताला, अन् अंगाला घासून डंपर जायलेत. तूच सांग, माधुरी, कोनत्या लेकराचा हात सोडू?"

पण जावं तर लागतच होतं. सोमवार ते बुधवार रोज बस निघून गेल्यावर त्या चिखलातून चालत गेल्या आणि तिन्ही दिवस स्वराला उशीर झाला. स्वराच्या डायरीत शिक्का पडला. शाळेचा नियम असा की तीनदा उशीर झाला की चौथ्या वेळी मूल फाटकावरूनच परत.

गुरुवारी मी स्कूटरवरून जात असताना त्या मला दिसल्या. उपटलेल्या खांबाच्या खड्ड्याशेजारी उभ्या होत्या. बस हात करूनही निघून गेली. मी मान दुसरीकडे वळवली. हे मी लिहायला नको होतं, पण झालं ते असं. मैत्रिणीला थांब म्हणायचं सुचलं नाही असंही नाही. ऑफिसला उशीर झाला असता, एवढंच.

त्या दिवशी स्वरा फाटकावरून परत आली. तिची फळ्यावर तारीख लिहायची पाळी होती. आदल्या दिवसापासून ती भिंतीवर बोटानं तारखा लिहीत होती. फाटकाशी ती रडली नाही, असं आत्यांनी मला सांगितलं. "रडली असती तर बरं झालं असतं. गपगार चालत आली. मग मी घरी न्हाईच गेले."

आत्या दोन्ही पोरींना घेऊन थेट डेपोत गेल्या. तिथे त्यांना लेखी अर्ज आणायला सांगितलं. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. आत्यांची शाळा चौथीत सुटलेली. मी कागद घेतला आणि लिहिलं, "महोदय, आपणांस नम्र विनंती करण्यात येते की..."

"काय लिहिलंस?"

मी वाचून दाखवलं.

"नम्र विनंती कामून? खांब त्यांनी उपटला अन् विनंती आपन करायची?"

"आत्या, असंच लिहितात."

"नम्र काढ. विनंती राहू दे."

अर्ज लिहून झाला. मग त्यांनी तो घेऊन इमारतीतल्या, शेजारच्या चाळीतल्या, त्या थांब्यावर चढणाऱ्या प्रत्येकाच्या सह्या घेतल्या. पुढच्या थांब्यापर्यंत चालायची सवय झालेल्यांच्याही घेतल्या. शेवटची सही माझी. पेन माझ्याकडे देत आत्या म्हणाल्या, "तू स्कूटरवर जातीस, तरी कर." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी सही केली आणि म्हटलं, उद्या अर्धा दिवस रजा काढते, येते तुमच्याबरोबर. बालाजीनं दोन दिवस शिफ्ट बदलून घेतली होती, म्हणजे स्वराला तो सोडणार होता.

डेपोतले साहेब भले माणूस होते. अर्ज वाचला, सह्या पाहिल्या, आम्हाला बसायला सांगितलं. "आजी, रस्त्याचं काम पूर्ण झाल्याशिवाय तिथं खांब रोवता येणार नाही."

"कधी व्हायचं काम?"

"ते आमच्या हातात नाही."

"मग तुमच्या हातात काय हाय ते सांगा. तेवढंच मागते."

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना असं कोणी विचारलं नसावं. ते विचार करत असताना ओवीनं टेबलावरचा शिक्का घेतला आणि आमच्या अर्जावर, साहेबांच्या डब्यावर आणि स्वतःच्या पोटावर उमटवला. साहेबांनी शिक्का काढून घ्यायचा प्रयत्न केला. ओवीनं बसमधला तो रडण्याचा सूर लावला.

"कोरा कागद द्या तिला," आत्या म्हणाल्या. "खाऊन गप बसंल."

मग ते म्हणाले की ड्रायव्हरांना सूचना देता येईल, पण थांबायची जागा लांबून दिसायला हवी. तात्पुरता पत्र्याचा बोर्ड आहे, तो लावायला माणूस मात्र आठवडाभर मिळणार नाही.

"बोर्ड हाय ना? द्या. मी लावते."

"तसं नाही करता येत, आजी."

"मग बसते मी. बघू आधी कोन दमतंय."

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. गव्हातले खडे निवडायला बसावं तशा निवांत बसल्या. ओवीला मांडीवर घेतलं, तिचा लोंबकळणारा बूट पुन्हा पायात घातला. मी घड्याळाकडे पाहत होते. साहेब फोनवर फोन करत होते. एकदा त्यांनी आत्यांकडे पाहिलं, आत्यांनी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली, म्हणजे चालू द्या तुमचं. दीड तासानं बोर्ड आला. आत्यांनी वहीत 'शकुंतला' अशी एकेक अक्षर सावकाश लिहून सही केली, कान्याला पेन दाबून.

परत येताना तो गोल पत्रा त्यांनी मांडीवर धरला होता. नेहमीचाच कंडक्टर होता. म्हणाला, "आत्या, आता थांबाच बरोबर घेऊन फिरायला लागलात?"

"मग! जिथं उतरंन, तिथं थांबा."

सगळी बस हसली. आत्या हसल्या नाहीत. पत्रा वाकणार नाही याकडे त्यांचं लक्ष होतं.

रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाला त्यांनी गाठलं. त्यानं आधी हात झटकले. आत्यांनी ओवीला त्याच्याकडे दिलं. "धरा जरा, भाऊ." थोड्या वेळानं त्यानं डांबराचं रिकामं पिंप दिलं, त्यात खडी भरून दिली, आणि वर बांबूला बोर्ड तारेनं बांधून दिला. थोडा वाकडा झाला. पण लांबून दिसत होता.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे तिथे उभे होतो. मी स्कूटरवालीला नको सांगितलं होतं. चालत जाणारी माणसंही आली होती, गंमत बघायला म्हणा किंवा विश्वास बसत नव्हता म्हणून. सात पाच झाले. सात आठ झाले. वळणावर बस दिसली. आत्यांनी हात केला नाही. नुसत्या बोर्डाशेजारी उभ्या राहिल्या, स्वराचा हात घट्ट धरून. बसचा वेग काही कमी होईना. आणि मग ब्रेक करकरले, बस आम्हाला ओलांडून चार पावलं पुढे जाऊन थांबली.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "आत्या, बोर्ड जरा अलीकडं लावलाय!"

"बोर्ड बरोबर हाय. तूच पुढं गेलास."

फाटक बंद व्हायच्या आधी आम्ही पोचलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं होतं. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. स्वरा पळत आत गेली आणि मागे वळून पाहिलंही नाही. आत्या ती दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या. "मागं बघत न्हाई, म्हंजे बरं चाललंय तिचं," म्हणाल्या.

परतीच्या बसमध्येही मी त्यांच्याबरोबर होते. गर्दी नव्हती. आम्ही शेजारी बसलो. ओवी आत्यांच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होती. खिडकीतून ऊन येत होतं, आत्यांनी पदर तिच्या डोक्यावर ओढला. ओवी अर्धवट झोपेत म्हणाली, "आई."

"आत्या," आत्या लगेच म्हणाल्या. "आत्या म्हन. आत्-त्या."

"आई."

"आत्या."

मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "महिना झाला, असं करायलीय. रोज सुधरून घेते. वैशालीच्या कानावर पडलं तर तिला काय वाटंल? दिवसभर उभी ऱ्हाती ती, लेकरांसाठीच. रात्री पाय सुजतेत तिचे."

इतके दिवस शेजारी राहून मी त्यांना कधी त्यांच्याबद्दल विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, बाहेर बघत, जणू रस्त्यावरचं काही दाखवावं तसं. लग्न झालं होतं. नऊ वर्षं नांदल्या. मूल झालं नाही, म्हणून सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. बालाजी तेव्हा लहान होता. "त्यालाबी मीच शाळेत न्यायची. चालत. तवा बस न्हवती." एवढंच. मग त्यांनी ओवीचा हात पदराखाली घेतला.

आमचा थांबा यायला दोन मिनिटं होती. ओवी आता गाढ झोपली होती. झोपेतच तिनं तोंड हलवलं आणि पुन्हा एकदा, अगदी स्पष्ट, म्हणाली, "आई."

आत्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. मी पर्स उघडून तिच्यात उगाच काहीतरी शोधत राहिले. बराच वेळ शोधत राहिले. शेजारून "आत्या म्हन" असं काही ऐकू आलं नाही.