भलत्याच खोलीतली माफी

मिनासे स्टेशनावर उतरेपर्यंत फुसाएबाई नवऱ्याशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. कारणही तसंच होतं. गेल्या आठवड्यात नगरभवनात त्यांच्या गायनमंडळाचा कार्यक्रम झाला. इतकी वर्षं मागच्या रांगेत काढल्यावर त्यांना पहिल्यांदाच एकटीने चार ओळी गायला मिळाल्या होत्या, आणि नेमक्या त्याच ओळींना पहिल्या रांगेतून नवऱ्याच्या, तोकुहेई निरासावांच्या, घोरण्याची साथ मिळाली. "मी डोळे मिटून ऐकत होतो," असं तोकुहेई तेव्हापासून सांगत होते. गरम झऱ्यांच्या गावी जाऊन राहायची टूमही त्यांचीच. कढत पाण्यात बायकोचा राग विरघळेल, असा त्यांचा अंदाज होता.

हागिया सराईतल्या खोलीत फुसाएबाईंनी चहा केला. एकच पेला.

"मी जरा पुलापलीकडच्या स्नानगृहात डुंबून येतो," तोकुहेई म्हणाले. त्यांनी सराईचा सुती झगा, युकाता, अंगावर चढवला आणि वाफेने चष्मा धुरकटतो म्हणून तो खोलीतच ठेवून, खडावा वाजवत ते निघाले.

गळ्यापर्यंत पाण्यात बसल्यावर माणूस खरं बोलायला तयार होतो. तोकुहेईंनी ठरवलं, आता सगळं कबूल करायचं. त्या निश्चयाच्या भरात बाहेर येऊन त्यांनी आपल्या टोपलीऐवजी शेजारच्या टोपलीतला युकाता घातला. त्यांचा निळा होता, हा करडा. चष्म्याशिवाय दोन्ही सारखेच.

मिनासेत सराईवाले पाहुण्यांना तोंडावरून नाही, कापडावरून ओळखतात. पुलावर कामोया सराईचा म्हातारा दरवान उभा होता. त्या दिवशी कामोयातून एकच पाहुणे स्नानाला गेले होते; आपल्या सराईचा करडा युकाता दिसताच त्याने हात केला.

"इकडं साहेब, इकडं! भलतीकडं कुठं निघालात? बाईसाहेब ताटकळल्यात वर."

"रागात आहेत का?" तोकुहेईंनी विचारलं.

"त्यात आम्ही काय बोलायचं, साहेब," दरवान अदबीने म्हणाला, आणि त्याने त्यांना जिना चढवून खोलीच्या दारात सोडलं.

आत एक बाई खिडकीकडे तोंड करून, डोक्यावर टॉवेल घेऊन केस पुसत बसली होती. तोकुहेईंनी दार सरकवून घेतलं, गुडघे टेकले आणि कपाळ चटईला लावलं.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले. "डोळे मिटून वगैरे काही नाही. चक्क झोपलो होतो."

टॉवेल थांबला.

"तू घरी महिनाभर त्या चार ओळी घोटत होतीस. मी शेजारच्या खोलीत ऐकायचो. मला वाटायचं, आत जाऊन सांगावं, छान होतंय. नाही सांगितलं. लाज वाटली. आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तुझ्या त्या ओळींचा जिवाला इतका घोर लागला, की डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून तिथं लागला. चूक माझीच. तू छान गातेस गं."

बाई वळली. डोळे पुसून म्हणाली, "माफ केलं. पण तुम्ही कोण?"

तोकुहेई ताडकन उठले. त्यांनी पुन्हा माफी मागितली, या वेळी आधीच्यापेक्षा पुष्कळ आखूड.

"मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं," बाई म्हणाली. तिचं नाव कियोनो ओनिझुका. "पण जन्मात कुणी माझ्यापुढं असं बोललं नव्हतं. अर्ध्यात थांबवायचा धीर झाला नाही. चला, तुमची सराई कुठली? आमचे हेही तुमच्या युकात्यात तिकडेच असणार."

ते तिथेच होते. आपला युकाता गायब झालेला पाहून ओनिझुका उरलेला निळा घालून, तो परत करायला हागियात गेले होते. "येतीलच हे. तोवर जेवण गार कशाला करायचं?" म्हणून फुसाएबाईंनी त्यांना तोकुहेईंच्या पानावर बसवलं होतं. तोकुहेई आणि कियोनोबाई दारात पोचले, तेव्हा ओनिझुका तोकुहेईंच्या वाटणीच्या खेकड्याची शेवटची नांगी फोडत होते.

"अहो, कुठं होतात इतका वेळ?" फुसाएबाई म्हणाल्या. प्रवासाला निघाल्यापासून नवऱ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तोकुहेई दारातच गुडघे टेकू लागले. तेव्हा कियोनोबाई पुढे झाल्या. फुसाएबाईंच्या शेजारी बसून त्यांनी ती माफी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, शब्द न शब्द सांगितली. दोघी रडल्या. मग कियोनोबाईंनी आपल्या नवऱ्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्या चार ओळी ऐकायला त्या फुसाएबाईंना खिडकीशी घेऊन बसल्या.

ओनिझुकांनी नांगी हळूच ताटात ठेवली आणि ते तोकुहेईंच्या कानाशी सरकले.

"ते तुम्ही जे बोललात, ते जरा सावकाश पुन्हा सांगता का?"

"आधी गुडघे टेकून कपाळ खाली लावावं लागतं."

ओनिझुकांनी विचार केला. "गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय."

"मग," तोकुहेई गंभीरपणे म्हणाले, "तुम्हाला ते गळ्यापर्यंत पाण्यात बसवूनच शिकवावं लागेल. चला."