न्यायमूर्ती विंबुश यांच्या पाटीची मोहीम

श्रीगजाननास आणि विलायतेच्या भुरभुरत्या आभाळास नमन करून, मौजे वॉटफर्ड, परगणे हर्टफर्डशायर, येथे इसवी सन दोन हजार चोवीसच्या ऑक्टोबरात जी मोहीम जाहली, जीत घोडा नव्हता, तोफ नव्हती आणि सांडला तो केवळ चहा, तिचे वर्तमान यथातथ्य लिहिणे प्राप्त आहे. लिहिणाराने कोणाचा पक्ष धरिला नाही. शिरस्तेदारसाहेबांचा किंचित धरिला असेल, तर वाचणारांनी पदरात घ्यावे.

राजेश्री कमलाकरराव वैरागडे, मूळ राहणार नागपूर, यांनी एका जिल्हा न्यायालयात चौतीस वर्षे चाकरी केली आणि शिरस्तेदार होऊन निवृत्त जाहले. त्या काळात अकरा न्यायाधीश आले आणि गेले, आणि प्रत्येकाच्या मेजावर साडेदहाच्या आत त्या दिवसाची प्रकरणे क्रमवार लावून, खुणेच्या चिठ्ठ्या घालून तयार असत, आणि अकरांपैकी एकाच्याही निकालपत्रात कमलाकररावांचे नाव आले नाही, कारण तसा रिवाजच नाही. मग चिरंजीव अनुप, जे वॉटफर्डास राहून संगणकाची चाकरी करीत, त्यांनी मातापित्यांस सहा महिन्यांच्या व्हिजावर बोलाविले. त्या घरी सूनबाई ऋजुता यांचा अंमल होता, तो न्यायाचा होता, परंतु त्यात कमलाकररावांस मुलूख म्हणून उरला नव्हता. भांडी धुण्याच्या यंत्रात त्यांनी ताटे आकारमानाने व अनुक्रमाने लाविली, आणि सूनबाईंनी एक शब्द न बोलता ती सगळी काढून पुन्हा लाविली. चिरंजीव प्रेमळ होते, परंतु कानांत सदा यंत्रे घालून कोणाशी तरी बोलत असत, आणि तीर्थरूपांनी चौतीस वर्षे नेमके काय केले हे त्यांनी जन्मात विचारिले नव्हते.

तेव्हा कमलाकरराव दर बुधवारी गावच्या लायब्ररीकडे कूच करू लागले. तेथे एका धुळकट ग्रंथात त्यांस न्यायमूर्ती होरेशियो विंबुश भेटले. हे साहेब याच वॉटफर्डात सन अठराशे एकोणसाठात एका कागदगिरणीच्या मुकादमाच्या पोटी जन्मले, आणि छाती नाजूक म्हणून विसाव्या वर्षी गलबतात बसून ऑस्ट्रेलियास गेले, आणि मालधक्क्यावर कारकुनी करीत कायदा शिकले, आणि सन एकोणीसशे सहात क्वीन्सलंड प्रांतात न्यायाधीश जाहले. आडमुलखात घोड्यावरून फिरून मेंढरे कातरण्याच्या शेडांत ते न्यायालय भरवीत. एका विहिरीच्या तंट्यात, जो ती कोणत्या साली खोदिली यावर ठरावयाचा होता, त्यांनी निकाल दिला, आणि दोन वर्षांनी पुन्हा त्या मुलखी गेले असता अकरा मैल चालून ती विहीर पाहिली, तो तिच्या काठाच्या दगडावर कोरलेले साल निकालातील सालाशी जुळेना. मग साहेबांनी भर कचेरीत उभे राहून वाचून दाखविले की चूक माझी आहे, आणि माझे कारकून टॉमस ड्रू यांनी मला ती तेव्हाच दाखविली होती, आणि मी ऐकिले नाही. नंतर वरिष्ठ न्यायालयास स्वतः पत्र धाडून त्यांनी आपलाच निकाल फिरवून घेतला.

कारकुनाच्या नावाचे ते वाक्य वाचून कमलाकरराव लायब्ररीत चष्मा काढून बराच वेळ बसून राहिले. ते रडले, हे लपविण्यात अर्थ नाही.

आता त्या गावी इतिहासप्रेमी मंडळींचे एक सर्कल होते. ते दरसाल एका थोर रहिवाशाच्या जन्मस्थळी निळी गोल पाटी लावीत, आणि कोणाची लावावी याचा कौल सभासद हात वर करून देत. त्या साली पाटीचे दोन दावेदार होते. एक पिकरिंग नामे दारू गाळणारा, ज्याची बियर अद्याप गावच्या आठवणीत फेसाळत होती आणि ज्याची बाजू मिस्टर क्रॅबट्री यांनी गेल्याच महिन्यात मोठ्या जोमाने मांडिली होती. दुसरे विंबुशसाहेब, ज्यांचे नाव कमलाकररावांनी पत्राने सुचविले होते, ज्यांस गावात कोणी ओळखीत नव्हते आणि ज्यांच्या जन्मघरात सांप्रत केस कापण्याचे दुकान होते. सर्कलच्या अध्यक्षीण मिसेस हॉल्ट यांनी खलिता धाडिला की कमलाकररावांनी एकोणीस ऑक्टोबर, शनिवारी, दुपारी तीन वाजता बोलावे. भाषणास वीस मिनिटे, प्रश्नांस पंधरा, मग कौल आणि चहा. दोन नोव्हेंबरास परतीचे विमान असल्याने दुसरी तारीख मागण्यास वाव नव्हता. पाटी लागावी हा मनसुबा तर होताच, परंतु टॉमस ड्रू यांच्या नावाचे ते वाक्य चारचौघांत मोठ्याने वाचावे, याची तळमळ त्याहून मोठी होती.

मग तयारीस आरंभ जाहला. कमलाकररावांनी एक्केचाळीस पाने लिहिली, आणि ती पाहून सूनबाई, ज्या कचेरीत मोठमोठे प्रोजेक्ट वेळेवर पार पाडण्याचे वेतन घेत, त्यांनी बजाविले, “बाबा, ट्वेंटी मिनिट्स म्हणजे ट्वेंटी मिनिट्स. इथे कुणी दोन मिनिटं ओव्हर गेलं ना, तर लोक काही बोलत नाहीत, पण फरगिव्हही करत नाहीत.”

“अगं, छाटून अठरा मिनिटांत बसवलंय. घड्याळ लावून वाचलं,” कमलाकरराव उत्तरले, आणि ते खरेच होते. विंबुशसाहेबांचे अवघे चरित्र त्यांनी अठरा मिनिटांत कोंबले होते. परंतु त्या चरित्राच्या आधी जे बोलावयाचे होते ते त्यांनी मोजलेच नव्हते, कारण प्रास्ताविक भाषणात धरीत नाहीत, हे ज्याने आयुष्यभर आपल्याकडील सभा-समारंभ पाहिले त्यास कोणी सांगावे लागत नाही.

नियोजित दिवशी स्वारी निघाली. खासे कमलाकरराव कोट घालून, मागे कुटुंब श्यामलाबाई शाल व श्रीफळ घेऊन, आणि चिरंजीव मोटार हाकीत व सूनबाई शेजारी बसून, ऐसे सर्कलच्या हॉलवर दाखल जाहले. एकोणतीस सभासद जमले होते, बहुतेक सत्तरीपलीकडचे. ठीक तीनला मिसेस हॉल्ट यांनी पितळी घंटा मेजावर ठेविली आणि शिरस्तेदारसाहेब उभे राहिले.

प्रथम त्यांनी अध्यक्षीणबाईंस शाल पांघरिली आणि श्रीफळ दिले. बाईंस त्याचे काय करावे हे न उमजून त्यांनी ते तान्ह्या मुलासारखे मांडीवर धरिले. मग प्रास्ताविक सुरू जाहले. त्यांनी सर्कलचे आभार मानिले, आणि लायब्ररीचे मानिले, आणि हॉल उघडणाराचे मानिले, आणि ज्या बसने ते दर बुधवारी जात तिच्या चालकाचे मानिले. आपण या थोर विषयास पात्र नाही हे तीन प्रकारे सांगितले, आणि वॉटफर्ड गावाचा इतिहास रोमन लोकांपासून संक्षेपाने निवेदन केला, आणि न्याय म्हणजे काय यावर थोडे चिंतन केले. मागील बाकावर सूनबाई प्रथम मनगटावरील घड्याळाकडे पाहत होत्या, मग भिंतीवरील घड्याळाकडे, आणि शेवटी डोळे मिटून बसल्या.

“अहो, हे काय करून राहिले!” श्यामलाबाई पुटपुटल्या. “तो साहेब कधी येईल?”

तेव्हा कमलाकररावांनी घोटभर पाणी प्राशन केले, अठरा मिनिटांची पाने हाती घेतली, आणि आता मूळ विषयाकडे वळतो ऐसे म्हणून जाहीर केले की न्यायमूर्ती होरेशियो विंबुश यांचा जन्म सन अठराशे एकोणसाठात जाहला.

आणि घंटा वाजली.

मिसेस हॉल्ट यांनी अति मृदू स्वरात फर्माविले की वक्त्यांचे बहुत आभार, विवेचन अत्यंत सखोल होते, आता प्रश्न. ऐसी ही सभ्य शिकस्त. कमलाकररावांचा हात पानांवर तसाच राहिला. घडले काय ते त्यांस क्षणभर कळेना, आणि कळले तेव्हा त्यांस वाटले की टॉमस ड्रू आता आणखी शंभर वर्षे त्या धुळकट ग्रंथात राहणार, आणि दोष सर्वस्वी आपला. मिस्टर क्रॅबट्री यांनी हाताची घडी घातली. प्रश्न कोणीच विचारीना, कारण जो मनुष्य नुकताच जन्मला त्याजविषयी विचारावे काय?

अशा बिकट समयी सूनबाई ऋजुता यांनी हात वर केला. त्यांनी नियमावली आदल्या रात्रीच डोळ्यांखालून घातली होती. तीत भाषणास मर्यादा होती, प्रश्नांच्या वेळेस होती, परंतु एक उत्तर किती लांब असावे याचा उल्लेख नव्हता. त्यांनी स्वच्छ इंग्रजीत विचारिले की जन्मल्यानंतर न्यायमूर्तींनी काय केले, हे वक्ते सांगतील काय. हॉलमध्ये हशा पिकला. कमलाकररावांनी वर पाहिले, सूनबाईंनी किंचित मान डोलविली, आणि मग साहेब गिरणीतून निघून गलबतात चढले आणि चार मिनिटांत मालधक्क्यावर उतरले.

उत्तर संपते न संपते तो श्यामलाबाईंनी शेजारणीशी बोलून कमाविलेल्या इंग्रजीत हात न उचलताच विचारिले, “देन व्हॉट हॅपन्ड?” मग साहेब न्यायाधीश जाहले, घोड्यावर बसले, मेंढरांच्या शेडांत न्याय करू लागले, आणि विहिरीचा निकाल देऊन बसले. एवढ्यावर कमलाकरराव थांबले, कारण घरच्या शिबंदीवर किती भार टाकावा, याची त्यांस लाज वाटली.

तेव्हा पहिल्या रांगेतील एका वृद्ध बाईंनी आपण होऊन विचारिले की मग विहिरीचे पुढे काय. हा पहिला परका बुरूज ढासळला. साहेब अकरा मैल चालून विहिरीशी पोहोचले, दगडावरचे साल त्यांनी वाचिले, आणि सभा पुढे सरकून बसली. आणि मग खुद्द मिस्टर क्रॅबट्री, बियरचे कट्टर अभिमानी, यांनी हाताची घडी सोडून विचारिले, “पण ही चूक त्या वेळी कुणाच्याच लक्षात आली नाही?”

कमलाकररावांनी शेवटचे पान काढिले. त्यांनी टॉमस ड्रू यांचे नाव असलेले ते वाक्य वाचिले, आणि आवाज मध्येच फुटला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचिले. मिस्टर क्रॅबट्री यांनी खिशातून टिपणवही काढून ते नाव लिहून घेतले.

पंधरा मिनिटे संपत आली होती. इतक्यात दाराशी उभ्या असलेल्या चिरंजीव अनुप यांनी हात वर केला. कानांतील यंत्रे त्यांनी केव्हाच काढून खिशात घातली होती. त्यांनी विचारिले की वक्त्यांनी स्वतः अशा एखाद्या न्यायाधीशाच्या हाताखाली काम केले आहे काय. हा प्रश्न कोणी ठरविलेला नव्हता, आणि सूनबाईंनीही चमकून मागे पाहिले.

कमलाकररावांस कचेरीत उभे राहावयाची सवय अशी जडली होती की पोटच्या पोरासही त्यांनी “नो, सर,” म्हटले. मग थोडे थांबून इंग्रजीत म्हणाले, “पण उद्या तसे साहेब येतील, म्हणून मी फाईल रोज नीट लावून ठेवत होतो.”

भिंतीवरील घड्याळाप्रमाणे वेळ संपून वर दोन मिनिटे जाहली, मग तीन जाहली, आणि मिसेस हॉल्ट यांनी घंटेस हात लाविला नाही. संस्थेच्या बावन्न वर्षांत ऐसे पूर्वी कधी घडले नव्हते, हे चहाच्या वेळी तिघांनी निरनिराळे सांगितले.

सबब हा विजय दप्तरी दाखल करण्यात येतो तो येणेप्रमाणे. कौल घेतला असता विंबुशसाहेबांच्या बाजूस सतरा हात वर जाहले आणि पिकरिंग याच्या बाजूस अकरा, आणि मिस्टर क्रॅबट्री यांनी कोणत्याच बाजूस हात उचलिला नाही. केस कापण्याच्या दुकानावर निळी पाटी लावावी ऐसा ठराव मंजूर जाहला. चहा, बिस्किटे व गाजराचा केक यांचा फडशा पडला.

सायंकाळी स्वारी मोटारीतून परतली. पहिल्या सिग्नलावर चिरंजीवांनी आरशात पाहून विचारिले, “बाबा, एका दिवशी किती केसेस असायच्या? आणि तुम्हाला कसं कळायचं कुठली आधी लावायची?” आणि कमलाकरराव सांगू लागले. मोटार घरासमोर येऊन थांबली, यंत्र बंद जाहले, काचांवर वाफ धरली, आणि पाऊण तास चौघांपैकी कोणीही खाली उतरले नाही, हेही याच दप्तरी लिहून ठेविले असे.