सात धोके आणि एक झेरॉक्स

सत्य सांगणाऱ्याला जगात कशाचीही भीती नसते. फक्त त्याची जागा विकली जात नाही.

सीताराम ओव्हाळांना हे बिबवेवाडीत कळलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, सुरक्षा विभागात, त्यांनी तीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर येऊन आता सहा वर्षं झाली होती, पण मन काही खडकीहून निघालं नव्हतं. दुपारी बाराला ते उगाच उठून उभे राहत. तिकडे तेव्हा भोंगा होई. मग परत बसत. चंद्रभागाबाई त्यांना हसत नसत. त्या स्वतः भाजी निवडताना खिडकीतून कुणालातरी हाक मारायला तोंड उघडत, आणि मिटत.

त्यामुळे खडकीचे जुने सोबती नासिरभाई, "आमच्या बिल्डिंगीत रंगरावांची जागा निघालीय, महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबतो म्हणालेत," असा निरोप घेऊन आले, तेव्हा दोघांनी त्याच संध्याकाळी घर विकायला काढलं.

घोळ केला तो मुलाच्या फोननं. प्रज्ञेश कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये होता. "बाबा, इकडे घर विकताना पूर, भूकंप, गॅसची लाइन, सगळं लेखी द्यावं लागतं. कायदाच आहे."

"लेखी?" ओव्हाळांनी दोनदा विचारून घेतलं. आपल्यासारखा विचार करणारा एक आख्खा देश आहे, हे त्यांना साठी उलटल्यावर कळत होतं.

त्यांनी फूलस्केप घेतला, वर लाल शाईनं मोठ्ठं 'धोका' लिहिलं आणि खाली आकडे टाकले. मागचा नाला पावसात पार्किंगपर्यंत येतो. नाल्यापलीकडचा बॅटरीवाला ॲसिड ओततो. बोअरचं पाणी पिण्यालायक नाही. गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. असे सहा झाले.

"वरच्या मुक्ताई पहाटे पाचला खलबत्त्यात कुटतात, तेही लिहा," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"ते पर्यावरणात येत नाही."

"मग माझी झोप जाते ती कशात येते?"

ओव्हाळांनी विचार केला आणि सातवा आकडा टाकला.

एजंट उत्तरेश्वरनं कागद पाहून कपाळाला हात लावला. "काका, स्थळ बघायला माणसं येणार आणि तुम्ही पोह्यांबरोबर मुलीचा एक्स-रे देणार!"

पहिलं गिऱ्हाईक सदाशिव पेठेतलं. त्यांनी कागद चष्मा लावून वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली. "आपण एवढं सांगताय, म्हणजे न सांगितलेलं किती असेल!" असं म्हणून, चहा मात्र संपवून, ते गेले.

मग आले रोहन आणि पूर्वा. इंदूरचं तरुण जोडपं, दोघंही मगरपट्ट्यात कॉम्प्युटरवर. हवा आवडली, उजेड आवडला. मग ओव्हाळांनी कागद पुढे केला. बाकीचं मराठी रोहनला लागेना, पण वरचा लाल शब्द लागला.

"अंकल, ये... धोका?"

"हां! सात धोका है. हम छुपाता नहीं."

"आप खुद बता रहे हैं?"

"लिखके दिया ना. एक झेरॉक्स तुम लेके जाव."

"हमसे पहले जो आए थे, उनको भी?"

"सबको धोका दिया. एकदम बराबर दिया," ओव्हाळ ताठ बसत म्हणाले. "तीस साल सरकार में येही काम किया. साहब लोग बोलते थे, ओव्हाळ के जैसा धोका दुसरा कोई नहीं देता."

पूर्वानं पर्स उचलली.

हिंदीत 'धोका' म्हणजे फसवणूक होते, हे उत्तरेश्वरच्या ध्यानात यायला आठवडा गेला. रोहन फोन उचलेना. शेवटी उत्तरेश्वर त्याच्या ऑफिसच्या गेटवर जाऊन उभा राहिला आणि तो दिसताच ओरडला, "साहब, धोखा नहीं, खतरा! वहाँ सिर्फ खतरा है!"

रोहनचा जीव भांड्यात पडला. "बस खतरा? तो पहले बताते!" नाला काय, तो सध्या राहत होता तिथंही होता. दोन तारखेला त्यानं विसार दिला.

त्याच दुपारी ओव्हाळ पतीपत्नी स्वारगेटहून बस धरून खडकीला पोचले. रंगरावांच्या जिन्यात लोंबती वायर होती. कोपऱ्यात गॅसच्या टाक्या होत्या. तुळईला बोट जाईल एवढी भेग होती, आणि गॅलरीतून दगड मारला तर थेट दारूगोळ्याच्या भिंतीला लागला असता. सुरक्षा विभागाच्या डोळ्यांनी हे सगळं एका दमात टिपलं. ओव्हाळांनी खिशातल्या कोऱ्या फूलस्केपची आणखी एक घडी घातली.

"अहो!" चंद्रभागाबाई आतून ओरडल्या. "इथून मथुराबाई दिसतात! मथुराबाईऽ!" आणि खालून कुणीतरी चक्क ओ दिली.

रंगराव चुळबुळत होते. "ओव्हाळ, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"काही सांगू नका."

"नाही, पण आधी कानावर घातलेलं बरं..."

"रंगराव, हात जोडतो. जे असेल ते मला चालेल. ऐकायचं नाही." ओव्हाळांनी गॅलरीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकली. कठडा हलला. ते तसेच टेकून राहिले.

रंगराव भिडस्त माणूस. ते चहा टाकायला आत गेले.

त्यांनी ती जागा एक तारखेला दुसऱ्याला दिली होती.