भिंतीवरचा हातोडा

अवजार हातात घेतलं तेव्हा माकडाचा माणूस झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण अवजार हातात घेण्याआधी नोंदवहीत सही करावी, हे ज्या दिवशी सुचलं त्या दिवशी माणसाचा सभासद झाला. उत्क्रांती तिथेच थांबली, कारण पुढे जाण्याची गरजच उरली नाही.

भूगोलाचे मास्तर सभासद झाले ते एका स्टुलापायी. स्टूल त्यांच्या आईचं. आई ब्याऐंशी वर्षांची. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी त्या स्टुलावर बसून ती भाजी निवडायची आणि भाजीबरोबर रस्त्यावरची माणसंही निवडायची. स्टुलाचा एक पाय सांध्यात सैल झाला होता. त्याखाली मास्तरांच्या वडिलांच्या काळापासून चार घड्यांचा कागद असे.

"अरे, कागदाचा पार भुगा झालाय," एक दिवस आई म्हणाली. "दुसरा दे घडी करून."

मास्तरांना हे लागलं. एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर पर्वत उभे केले होते आणि तास संपला की डस्टरने पुसले होते. निवृत्तीनंतर आपल्या हातांनी केलेली एक तरी वस्तू घरात असावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"कागद नाही," ते म्हणाले. "पायच पक्का बसवून देतो. चार दिवसांत."

"अहो, कोपऱ्यावर सुतार आहे," बायको म्हणाली.

"सुताराकडून काय, कुणीही करून घेईल," असं म्हणून मास्तर स्टूल काखोटीला मारून निघाले.

सामायिक कार्यशाळा बंद पडलेल्या छापखान्याच्या तळमजल्यावर होती. कल्पना उदात्त होती. प्रत्येकाने एकेक ड्रिल घेऊन आपापल्या घरी धूळ खात ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच घ्यावं, म्हणजे धूळही वाटून खाता येते. सभासद दोनशे बारा, अवजारं तीनशे चाळीस. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते (ड्रिलचा प्रत्यक्ष अनुभव असलेले एकमेव सभासद). कोपऱ्यावरच्या सुतारानेही अर्ज केला होता, पण तो नामंजूर झाला. 'लाकूडकामाची आवड कशी निर्माण झाली?' या रकान्यात त्याने 'झाली नाही, वडील करायचे' असं लिहिलं होतं.

कार्यशाळेचं वैभव म्हणजे समोरची भिंत. तिच्यावर प्रत्येक अवजाराभोवती पिवळ्या रंगाने त्याची आकृती काढलेली होती. अवजार काढलं की आकृती रिकामी दिसे. रोज संध्याकाळी सहाला आकृत्यांची मोजणी होई, आणि भरलेल्या आकृत्यांची टक्केवारी हेच कार्यशाळेच्या प्रगतीचं माप, असं पहिल्याच सभेत एकमताने ठरलं होतं. पहिल्या महिन्यात ती एकाहत्तर होती (तेव्हा काही अडाणी सभासद कामं करत असत). जसजशी जागृती झाली तसतशी ती वाढत गेली, आणि गेली तीन वर्षं शंभरावर ठाम होती. अपघात शून्य. त्याआधी एकाने दुपारी पेचकस नेला आणि साडेसहाला परत आणला. त्या गृहस्थाचं खरं नाव आता कुणालाच आठवत नाही. सगळे त्याला 'पेचकस' म्हणतात, आणि तोही बिचारा ओ देतो.

मास्तरांच्या स्टुलाला आधी महिनाभर वाळवीच्या संशयावरून वेगळं ठेवण्यात आलं. मग असं निघालं की दुरुस्ती हा 'प्रकल्प' होत नाही, कारण दुरुस्तीनंतर जी वस्तू तयार होते ती आधीपासूनच असते. या मुद्द्यावर उपसमिती नेमली गेली. दरम्यान मास्तरांनी तीन प्रशिक्षणं पुरी केली: 'हातोडा: परिचय', 'हातोडा: पकड' आणि 'हातोडा: सामाजिक जबाबदारी'. तिन्ही वेळा हातोडा भिंतीवर होता. शेवटच्या परीक्षेत त्यांना शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण पडले. ('मारायचा कधी?' असं विचारल्याबद्दल सहा कापले.)

खरं सांगायचं तर मास्तर रमले. वर्गात एकतीस वर्षं जेवढ्या जणांनी त्यांचं ऐकलं नव्हतं तेवढ्या जणांनी इथे एका संध्याकाळी ऐकलं. त्यांनी स्टुलाच्या सैल सांध्याचा पाच रंगांतला उभा छेद काढून भिंतीवर लावला. शाळेतली जुनी लाकडी फूटपट्टी घेऊन ते तो समजावून सांगत आणि लोक टिपणं घेत. सहा महिन्यांत ते चिटणीस झाले. स्टूल दारापाशी ठेवलं गेलं, पायाला पाटी अडकवली गेली: 'दुरुस्ती विचाराधीन'.

"झालं का रे?" आई रोज विचारायची.

"तत्त्वतः झालंय," मास्तर सांगायचे.

आई तोवर पालथ्या बादलीवर बसत होती. बादली बुटकी. उठताना तिला भिंतीला हात टेकावे लागत, आणि बसल्यावर खिडकीचा कठडा डोळ्यांच्या वर जाई. रस्ता दिसेना, माणसं दिसेनात. चौदा महिने ती भाजी निवडत नुसतं आभाळ पाहत होती. एकदा सुनेला म्हणाली, "आज कोण कोण गेलं गं रस्त्यानं?" ते मास्तरांनी ऐकलं. त्याच संध्याकाळी त्यांनी उपसमितीला स्मरणपत्र लिहिलं.

कार्यशाळेच्या चौथ्या वर्धापनदिनी मास्तरांना 'आदर्श सभासद' हा मान मिळाला. तो घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हस्ते द्यायचा, असं ठरल्याने आईला बोलावणं गेलं. आई आली, तेव्हा एक गोष्ट प्रथमच सर्वांच्या लक्षात आली: चार वर्षांत लाकूडकामाच्या या कार्यशाळेत बसायला एकही वस्तू तयार झालेली नव्हती. (खुर्चीचा आराखडा होता. उत्तम होता.) शेवटी पाहुण्यांना दारापाशी असलेल्या स्टुलावर बसवण्यात आलं.

अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. स्टूल डुगडुगलं. आईने बूड सरकवलं. स्टूल पुन्हा डुगडुगलं.

आई उठली. तिने स्टूल उलटं केलं, सांध्यात बोट घालून पाहिलं आणि हात पुढे केला. "ती पट्टी दे रे."

मास्तरांनी हातातली फूटपट्टी दिली. आईने ती गुडघ्यावर ठेवून कडकन मोडली, तिच्यातली एक धारदार कपची सांध्यात खोचली, आणि दोनशे बारा सभासदांच्या देखत भिंतीवरचा हातोडा काढला. ठक. ठक. ठक. मग स्टूल सरळ करून बसली आणि अध्यक्षांना म्हणाली, "हं, बोला तुम्ही."

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजले होते. मोजणी सुरू झाली होती. टक्केवारी: नव्याण्णव पूर्णांक सात.

तातडीची सभा झाली. पाय पक्का झाला, हा मुद्दा विषयपत्रिकेत नसल्याने चर्चेला आला नाही. बिगरसभासद व्यक्तीने प्रशिक्षणाविना, वर्धापनदिनी, ऐन मोजणीच्या वेळी आकृती रिकामी केल्याबद्दल तिला लेखी समज द्यावी, असं ठरलं. समज चिटणिसाने द्यायची असते. मास्तरांना लाज वाटली, फार वाटली. 'मी हे लिहिणार नाही,' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सभेच्या परवानगीशिवाय बोलता येत नव्हतं. त्यांनी जाड कागद घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात समज लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीशी स्टुलावर बसली होती. स्टूल हलत नव्हतं. खाली रस्त्यावरून कोण चाललंय हे ती सुनेला मोठ्याने सांगत होती. मास्तरांनी मान खाली घालून कागद पुढे केला. आईने तो हातभर लांब धरून शेवटपर्यंत वाचला.

"अक्षर सुरेख आहे रे तुझं," ती म्हणाली. "हे मात्र तू हातानं केलंस हो."

मग तिने कागदाच्या नीट चार घड्या घातल्या, चिमटीत धरून जाडी पाहिली आणि म्हणाली, "ते कपाट परवापासून हलतंय. घाल त्याच्या पायाखाली."

मास्तर गुडघ्यांवर बसले आणि कागद सरकवला. कपाट हलायचं थांबलं. कार्यशाळेच्या इतिहासातली एखाद्या चिटणिसाच्या हातून पूर्ण झालेली ही पहिली दुरुस्ती होय. (तिची नोंद कुठेही नाही.)

वाचक मास्तरांना हसले असतील तर हरकत नाही. फक्त तुम्ही आत्ता ज्यावर बसला आहात ते हे वाचताना दोनदा डुगडुगलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही पानावरची नजर न काढता बूड सरकवलंत. तेव्हा उगीच उठू नका. हेच पान फाडून चार घड्या करा, त्याच्या पायाखाली नेमकं बसेल. सभासद क्रमांक दोनशे तेरा, सही इथे करायची.