दुपारचे पंखे

सोमादादा माणसं वॅटमध्ये मोजतात. मी पाड्यावरच्या शाळेत बदली होऊन आलो, त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या ट्रंकेकडे बघत म्हणाले, "काय काय आनलाय, गुरुजी?"

मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, मोबाइल, मी यादी सांगितली. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि तोंड वाकडं केलं.

"तुमी एकटंच सात घरांचं खाताव. इस्त्री घरला धाडा."

इस्त्री मी खरोखरच परत पाठवली. तेव्हापासून चुरगळलेल्या शर्टात शिकवतो आहे.

पोशेऱ्याकडून वर चढलं की आमचा पाडा. मोठ्या लाइनीचे खांब येऊन उभे आहेत, तारा यायच्या आहेत. तोवर एका संस्थेनं बसवलेल्या सोलरवर सगळं चालतं: शाळेमागे पॅनल, शेजारच्या खोलीत बॅटऱ्या, आणि त्या खोलीच्या उंबऱ्यावर सोमादादा. सकाळी उठून आभाळ बघायचं आणि घरोघर जाऊन त्या दिवसाचा हुकूम सुनवायचा, हे त्यांचं काम. "आज ऊन बेस हाय. गिरनी बारा ते तीन. दळून घ्या." नाहीतर, "आभाळ आलाय. टीवी कोनीच लावायचा नाय." रिकाम्या खोलीत दिवा दिसला की दारातूनच ओरडायचे, "आत कोन बसलाय? भूत?" माझ्या मोबाइलचा चार्जर नुसता लोंबकळत राहिला म्हणून त्यांनी मला पोरांदेखत झापलं होतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

एका लग्नात नवऱ्याकडच्यांनी जव्हारहून डीजे आणला. दादांनी परवानगी दिली, पण अकरा ते चार. वऱ्हाडी भर उन्हात घामाघूम होऊन नाचले. चार वाजता दादांनी बटण दाबलं आणि डीजे मुका झाला. कुणी अंगावर धावून आला, तर दादा शांतपणे म्हणाले, "तारपा वाजवा. त्याला वॅट लागत नाय."

संस्थेचा इंजिनियर अधूनमधून मोखाड्याहून जीपनं येतो. तरणा, भला पोरगा. एकदा त्यानं आम्हाला समजावलं की हीच डोकेदुखी आता सगळीकडे आहे. सोलर वाढल्यामुळे दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी सगळे एकदम बटणं दाबतात, तेव्हा पुरत नाही. दादांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्यांच्याकडं घरोघर जानारा मानूस नाय का?"

"नाही दादा. संगणकावर चालतं."

दादांना सगळ्या राज्याची कीव आली.

दिवाळीनंतर मात्र पाड्याचं उलटं होतं. माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघून जातात आणि जाताना घराची किल्ली सोमादादांकडे देतात. यंदा नऊच घरांत चूल पेटत होती आणि माझ्या वर्गात पाच पोरं उरली होती. एरवी सांजेला पुरत नसलेली वीज आता तशीच पडून राहायची. सकाळी दहालाच बॅटऱ्या भरत आणि दादा खोलीत नुसते बसून राहत. ते दिवस मलाही खायला उठतात.

माघात इंजिनियर आला आणि त्यानं मोबाइलवर वीजवापराच्या नोंदी तपासल्या. वांगणीकडच्या एका पाड्यावर माणसं आहेत, पण संध्याकाळी काळोख असतो, म्हणाला. इथं वापर नसेल तर नऊ घरांच्या दिव्यांपुरती एक ठेवून बाकीच्या बॅटऱ्या तिकडे न्याव्या लागतील. पॅनल राहतील. पंधरा दिवसांनी पुन्हा बघू.

दादांचा चेहरा उतरला. कारण मला ठाऊक होतं, सगळ्या पाड्यालाच ठाऊक होतं. त्यांचा मुलगा दिलीप बायकोपोरीसह ठाण्याला खोली घेऊन राहतो आणि दोन होळ्या तो गावाकडे फिरकला नव्हता. त्याच्या पोरीला पंख्याशिवाय झोप लागत नाही. "रातभर पंखा चालंल काय, बाबा? तं येतो," असं तो फोनवर म्हणाला होता. दादा रेंजसाठी खडकावर चढून, स्पीकर लावून बोलतात, म्हणून ते सगळ्यांनी ऐकलं. दुसऱ्या बाजाराला दादांनी मोखाड्याहून पंखा आणला आणि दिलीपच्या बंद घरात टांगला. तो रात्रभर चालायचा तर सगळ्या बॅटऱ्या हव्यातच.

पुढच्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीत मी पाड्यातून चाललो होतो, तर बंद घरांतून घरघर ऐकू आली. कुडाच्या फटीतून पाहिलं. आत पंखा फिरत होता. पुढच्या घरात पंखा आणि दिवा, त्याच्या पुढच्या घरात टीव्ही कुणी नसलेल्या खोलीत बातम्या सांगत होता. दाराला कुलूप. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून सोमादादा समोरून आले.

"सगळी वीज जाळतोय, गुरुजी. आता तरी मोबाइलात दिसंल इंजिनियरला."

पंधरा दिवसांनी इंजिनियरला ते दिसलं. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला.

"दादा, हा सगळा वापर दुपारचा आहे. तेवढं उन्हात पॅनलवरच भागतं. बॅटरी लागते ती संध्याकाळी, आणि संध्याकाळी तर काहीच वाढलेलं नाही."

म्हणजे इथं एवढ्या बॅटऱ्यांची गरज नाही, हे दादांनी स्वतःच सिद्ध करून दाखवलं होतं. मला भयंकर राग आला. जन्मभर लोकांना "दुपारी लावा, दुपारी लावा" म्हणून ओरडणारा माणूस, त्याच सवयीनं बुडाला. आणि मी शिकलासवरलेला, फटीतून बघूनसुद्धा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दादांनी बॅटऱ्या जीपमध्ये चढवायला हात लावला. "तिकडच्यांना सांगा, पार रिकाम्या नका करू. बिघडतात," एवढंच बजावलं.

जीप उताराला लागली. आम्ही दोघं जवळजवळ रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. माझ्यानं राहवलं नाही.

"दादा, संध्याकाळी चार घरांत दिवे लावले असतेत तर बॅटऱ्या राहिल्या असत्या."

ते किल्ल्या चाचपत राहिले.

"लावलेला एक दिस. दिलीपच्या घरात. लावला आन् पानी आनाय ओढ्यावर गेलो. येताना खालून बघतो, तं त्याच्या घरात उजेड."

जुडग्यातली एक किल्ली धरून म्हणाले, "मीच लावलेला त्यो इसरलो, गुरुजी. हंडा टाकला आन् पळत सुटलो. दारात गेलो, तं कुलूप. तव्हापासून सांजचा नाय लावला."